डिशवॉशर चालूच होत नाही? ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी या क्रमाने तपासा

डिशवॉशर बंद पडला की बहुतेक घरांत तपासणी उलट्या टोकाने सुरू होते. आधी पॅनलवरची सगळी बटणं जोरजोरात दाबून होतात. मग कुणीतरी ‘बोर्ड गेला असणार’ (म्हणजे मशीनमधला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) असं जाहीर करतं आणि नव्या बोर्डाच्या किमतीची चौकशी सुरू होते. ओट्याखालच्या पॉवर पॉइंटमधला न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झाला होता, हे सगळ्यात शेवटी कळतं. बोर्ड जातो, पण तो संशयितांच्या यादीत शेवटी यायला हवा.

खालचा क्रम बाहेरून आत जातो: भिंत, प्लग, दार, पॅनल, पाणी आणि मग मशीनचं पोट. पहिल्या सहा पायऱ्यांत मशीनचा एकही स्क्रू काढायचा नाही. पायऱ्यांची अदलाबदल करू नका, कारण आधीची पायरी नक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीचं उत्तर फसवं निघतं.

हे सगळं आपल्याकडच्या मशीनसाठी आहे, म्हणजे २३० व्होल्ट आणि १६ अँपचा तीन पिनांचा प्लग. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे वीज १२० व्होल्ट, बऱ्याच मशीनना प्लग नसतो आणि आतली रचनाही वेगळी. ते बघून ‘थर्मल फ्यूज’ शोधत आपलं मशीन उघडून बसू नका.

आधी ठरवा: ‘बंद’ म्हणजे नेमकं काय?

एकाच तक्रारीखाली चार वेगळे बिघाड असतात.

अ) पॅनलवर एकही दिवा नाही, आवाज नाही. पायरी १ ते ३, आणि तिथे काही सापडलं नाही तर पायरी ८.

आ) दिवे लागतात, पण प्रोग्राम सुरू होत नाही. पायरी ४ आणि ५.

इ) सुरू होतं आणि काही मिनिटांत थांबतं, किंवा नुसता पंप घुरघुरत राहतो. पायरी ६ आणि ७.

ई) लावलं की एमसीबी किंवा ईएलसीबी (मुख्य बोर्डावरचे आपोआप पडणारे सुरक्षा स्विच) पडतो. थेट पायरी ९. मधल्या काळात स्विच पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

‘अ’ ठरवण्याआधी एक खातरी करा. फर्निचरमध्ये पूर्ण बसवलेल्या मशीनचं पॅनल दाराच्या वरच्या कडेवर असतं, दार बंद केलं की ते दिसतच नाही. शिवाय बरीच नवी मशीन काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर आपोआप बंद होतात. म्हणून दार उघडं ठेवून पॉवरचं बटण एक-दोन सेकंद नीट दाबा आणि मगच ‘दिवा नाही’ असं म्हणा.

तयारी

मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारं मीटर), टॉर्च, जुने टॉवेल, स्पंज, १० लिटरची बादली आणि चालू स्थितीतली इस्त्री जवळ ठेवा. इस्त्री कशाला, ते दुसऱ्या पायरीत येईल. मशीन उघडायची वेळ आलीच तर टॉर्क्स टी १५ आणि टी २० हे बिट लागतात, साध्या पेचकसाने त्या स्क्रूंची डोकी झिजतात. मशीनचं माहितीपुस्तक सापडत नसेल तर दाराच्या कडेवरच्या स्टिकरचा फोटो काढा. पूर्ण मॉडेल क्रमांक तिथेच असतो.

इशारा: मशीनला हात घालण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. भिंतीवरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी स्विच वीज आणणाऱ्या फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला सापडतो, आणि मग स्विच बंद असूनही मशीनमध्ये फेज येत राहतो. मशीनखाली पाणी साचलं असेल तर प्लगला हात लावण्याआधी मुख्य बोर्डावरून त्या लाइनचा एमसीबी पाडा.

पायरी १: मुख्य बोर्ड

‘घरात लाइट आहे’ याने काही सिद्ध होत नाही. स्वयंपाकघरातल्या पॉवर पॉइंटचा एमसीबी दिव्यांच्या एमसीबीपेक्षा वेगळा असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर वीज गेलेली असतानाही दिवे-पंखे चालू राहतात, पॉवर पॉइंट मात्र बंद. थ्री फेज जोडणी असलेल्या घरात एकच फेज गेली तर अर्धं घर चालू आणि अर्धं बंद, असाही प्रकार होतो.

ट्रिप झालेल्या एमसीबीचा दांडा कधीकधी अगदी खाली न येता मध्येच थांबतो आणि दुरून चालूच वाटतो. तो आधी पूर्ण खाली ओढा, मग वर करा. मधूनच वर ढकलला तर टिकत नाही.

तपासा: वर केल्यावर टिकला? मग पायरी २. लगेच पुन्हा पडला? मशीनचा प्लग काढून एकदाच वर करा. आता टिकला तर दोष मशीनमध्ये आहे, पायरी ९ बघा. तरीही पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं.

पायरी २: सॉकेट आणि प्लग

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली चूक म्हणजे टेस्टरवर विश्वास. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज आहे, एवढंच. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर तितकाच झकास उजळतो, कारण त्याला न्यूट्रलची गरजच नसते. ‘करंट येतोय साहेब, मशीनमध्येच फॉल्ट आहे’ हा निष्कर्ष बऱ्याचदा इथूनच निघतो.

दुसरी चूक म्हणजे मोबाइल चार्जर लावून बघणं. चार्जरला अगदी किरकोळ करंट लागतो. सैल, जळक्या जोडातूनही तेवढा करंट सहज येतो. डिशवॉशर पाणी तापवताना साधारण ९ ते १० अँप ओढतो, त्याला तो जोड पुरत नाही.

म्हणून इस्त्री. साधारण १००० वॅटची इस्त्री त्याच सॉकेटला लावा, पूर्ण गरम होऊ द्या आणि पाच मिनिटं चालू ठेवा. सॉकेट फक्त १६ अँपचं असेल आणि इस्त्रीचा बारीक पिनांचा प्लग बसत नसेल, तर १६ अँपचा प्लग असलेला मायक्रोवेव्ह तिथे लावा आणि आत कपभर पाणी ठेवून चालवा. या वेळात सॉकेटमधून चरचर आवाज आला, जळका वास आला किंवा पाच मिनिटांनंतर सॉकेटची पट्टी कोमट लागली, तर दोष सापडला.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर एसी व्होल्टच्या रेंजवर तीन आकडे घ्या:

- फेज आणि न्यूट्रल: २०७ ते २५३ व्होल्टच्या दरम्यान.
- फेज आणि अर्थ: जवळपास तेवढाच. इथे शून्य किंवा भलताच आकडा आला तर अर्थिंग नाही. ते दुरुस्त होईपर्यंत मशीन लावू नका.
- न्यूट्रल आणि अर्थ: जेमतेम एक-दोन व्होल्ट. दहाच्या वर असेल तर न्यूट्रल सैल आहे असं समजा.

पहिला आकडा इस्त्री चालू असताना पुन्हा घ्या. भिंतीवरच्या बोर्डावर जवळच दुसरं सॉकेट त्याच लाइनवर असेल तर तिथे घेता येतो. रिकाम्या सॉकेटवर २३० आणि इस्त्री लावल्यावर २०० च्या खाली घसरण, याचा अर्थ कुठेतरी जोड ढिला आहे.

आता प्लगच्या पिना बघा. काळा डाग, वितळलेलं प्लास्टिक, तपकिरी कडा यांपैकी काहीही दिसलं तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर जळक्या सॉकेटच्या सैल पत्त्या नवा प्लगही काही महिन्यांत जाळतात. सॉकेट १६ अँपचं, मागची वायर तांब्याची आणि किमान अडीच स्क्वेअर एमएमची हवी.

एक्स्टेंशन बोर्ड, ट्रॅव्हल कन्व्हर्टर, टायमरवाला प्लग, स्मार्ट प्लग हे सगळं मधून काढा. ६ अँपच्या एक्स्टेंशनवर डिशवॉशर चालवणं म्हणजे त्याची वायर रोज थोडी थोडी भाजणं. मजबूत १६ अँपचं एक्स्टेंशन दुसऱ्या खोलीतल्या चांगल्या पॉवर पॉइंटवरून आणून पॅनल उजळतं का, एवढं मिनिटभर बघायला हरकत नाही. प्रोग्राम मात्र त्यावर चालवू नका.

स्टॅबिलायझर असेल तर वीज आल्यावर तो काही मिनिटं थांबून मगच पुढे वीज सोडतो. व्होल्टेज कमी-जास्त असेल तर सोडतच नाही. ‘मशीन मेलं’ म्हणण्याआधी त्याचा दिवा कुठल्या रंगाचा आहे ते बघा.

तपासा: सॉकेटवर इस्त्री पाच मिनिटं बिनतक्रार चालली, प्लग स्वच्छ आहे, मध्ये काही जोडलेलं नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच पुढे जा.

पायरी ३: वीज तोडून पुन्हा देणं

वीज वारंवार गेली-आली की मशीनच्या बोर्डावरचा प्रोसेसर अडकतो. प्लग बाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवा. दहा सेकंदांनी भागत नाही, बोर्डावरचे वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. मग प्लग लावा, अर्धा मिनिट थांबा आणि फक्त पॉवरचं बटण दाबा.

पॅनल उजळलं तर रिकाम्या मशीनमध्ये सगळ्यात छोटा प्रोग्राम लावून बघा. दोन-चार दिवसांत पुन्हा तेच झालं तर या उपायाने बरं झालं असं मानू नका. सैल सॉकेट, व्होल्टेजची चढउतार किंवा बोर्डावरचा ओलावा, यांपैकी काहीतरी शिल्लक आहे.

पायरी ४: दार

दिवे लागतात पण मशीन सुरू होत नाही, यात दाराचा वाटा मोठा आहे. दार पूर्ण बंद झाल्याचा इशारा लॅचमधला (दाराच्या कडीतला) छोटा मायक्रोस्विच देतो. तो दाबला गेला नाही तर मशीन जागचं हलत नाही.

१. मशीन पूर्ण रिकामं करा. भांडीसुद्धा बाहेर.

२. वरची जाळी आत अगदी शेवटपर्यंत ढकला.

३. दार दोन्ही हातांनी वरच्या कडेला मध्यभागी दाबून बंद करा. स्पष्ट ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

४. प्रोग्राम लावा.

रिकामं मशीन सुरू झालं तर दोष भांडी रचण्यात. आपल्या भांड्यांचे नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत: कढईचा कान, कुकरचा दांडा, तिरका ठेवलेला लांब झारा, ताटांच्या रांगेतून पुढे आलेली परात. भांडं दाराला आतून जेमतेम टेकतं, दार बंद झाल्यासारखं दिसतं आणि लॅच दोन मिलिमीटर अलीकडे राहतो. दार जोर लावून बंद करायची वेळ आली तर आतलं काहीतरी अडतंय. गुडघ्याने रेटू नका, बिजागऱ्या वाकतात.

रिकामंही सुरू झालं नाही तर लॅचच्या खाचेत टॉर्च मारा. खरकट्याचा आणि पावडरचा सुकलेला थर ओल्या फडक्याने काढा. मग मशीन समतल आहे का ते बघा. फरशी उताराची असेल तर दार एका बाजूला झुकतं आणि लॅचचा आकडा खाचेसमोर येत नाही. पुढचे पाय फिरवून उंची जुळवता येते.

आणखी एक साधी गोष्ट. काही मॉडेलमध्ये दार उघडं असताना स्टार्ट दाबायचं आणि काही सेकंदांत दार लावायचं असतं. उशीर झाला की मशीन वाट बघून गप्प बसतं.

इशारा: लॅचमध्ये पेचकस घालून, दार उघडं ठेवून मशीनला फसवायचा प्रयत्न करू नका. आतलं पाणी जोरात उडतं, मधल्या टप्प्यावर ते ६०-७० अंशांपर्यंत तापलेलं असू शकतं आणि त्यात तीव्र क्षार असलेली पावडर असते.

पायरी ५: पॅनलवरची कुलपं

- चाइल्ड लॉक. किल्लीचं चिन्ह किंवा पडद्यावर ‘सीएल’ अशी अक्षरं. ठरलेलं बटण तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की निघतं. कोणतं बटण, ते त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.
- डिले स्टार्ट. पडद्यावर तासांचा आकडा दिसतो आणि मशीन शांत असतं. ते बिघडलेलं नाही, रात्रीची वाट बघतंय. फडक्याने पॅनल पुसताना हे बटण हमखास दाबलं जातं.
- अर्धवट राहिलेला प्रोग्राम. बॉशच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्टार्ट तीन सेकंद दाबून ठेवलं की जुना प्रोग्राम रद्द होतो आणि साधारण मिनिटभरात आतलं पाणी बाहेर फेकलं जातं. ते संपू द्या, मगच नवा प्रोग्राम लावा.

ओल्या बोटांनी टच पॅनल दाबू नका. पॅनल कोरडं पुसून पुन्हा बघा.

पायरी ६: पाणी

मशीन सुरू होतं, पंप थोडा वाजतो आणि नळाचं चिन्ह लुकलुकतं किंवा चूक दाखवणारा कोड येतो. बॉशमध्ये ई १८, एलजीमध्ये आयई. अर्थ एकच: पाणी येत नाही किंवा पुरेसं येत नाही.

सिंकखालचा अँगल कॉक उघडा आहे का बघा. गावाला जाताना बंद केलेला, सोसायटीच्या टाकीच्या सफाईच्या दिवशी बंद केलेला, प्लंबरने दुसऱ्याच कामासाठी बंद केलेला. मग मशीन मागे सरकवताना पाणी आत आणणारा इनलेट पाइप मुडपलाय का ते बघा.

आता बादलीची परीक्षा. कॉक बंद करून पाइप सोडवा, बादली धरा, कॉक पूर्ण उघडा. मिनिटात १० लिटर भरले पाहिजेत. याहून कमी येत असेल तर बरीच मशीन पाण्याची वाट बघून थांबतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर ही तक्रार जास्त येते. दाब किमान ०.५ बार लागतो, म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी नळापासून सुमारे ५ मीटर उंच हवी. टाकी थेट डोक्यावरच्या गच्चीत असेल तर एवढी उंची मिळत नाही. तिथे मशीन बदलून उपयोग नाही, प्रेशर पंप बसवावा लागतो.

पाणी चांगलं येत असेल तर इनलेट पाइपच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात ती गाळाने आणि क्षाराने लवकर बुजते. जुन्या टूथब्रशने घासा, टाचणीने भोकं मोठी करू नका.

इशारा: नळाच्या टोकाला चौकोनी डबी असलेला जाड पाइप असेल तर त्या डबीत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. तो पाइप कापून आखूड करू नका आणि डबी पाण्यात बुडवू नका.

पायरी ७: तळात साचलेलं पाणी

मशीनच्या अगदी खाली, टबच्याही खाली, एक पसरट ट्रे असतो. गळती झाली तर पाणी त्यात जमतं, हलका फ्लोट (तरंगणारा तुकडा) वर येतो आणि त्याखालचा स्विच मशीन अडवून धरतो. बॉशमध्ये ई १५, एलजीमध्ये ई १. खूण अशी: मशीन काहीच करत नाही, पण पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप सतत घुरघुरतो.

आपल्याकडे याचं एक ठरलेलं कारण आहे. पावडर संपली म्हणून भांडी घासायचं साधं लिक्विड चमचाभर घातलं जातं. हातासाठी बनवलेलं लिक्विड फेस करण्यासाठीच असतं. आत तो फेस फुगतो, दाराच्या कडेतून आणि फटींतून खाली उतरतो, ट्रेमध्ये पाणी होतं. गळती कुठेच नसते, तरी मशीन बंद.

१. प्लग काढा, नळ बंद करा.

२. टबमधलं पाणी कपाने आणि स्पंजने काढा. हे आधी केलं नाही तर तेच पाणी खाली उतरेल.

३. खालची पट्टी निघत असेल तर काढून स्पंजने ट्रे टिपून घ्या.

४. निघत नसेल तर दोघांनी मिळून मशीन हळूच मागच्या बाजूला कलतं करा, टॉवेल पसरून ठेवा. वजन ४५-५० किलो असतं, एकट्याने करू नका. दाराला चिकटपट्टी लावा, नाहीतर उचलताना ते उघडतं.

५. तासभर तरी वाळू द्या.

६. फेस झाला असेल तर साबणाशिवाय, रिकाम्या मशीनमध्ये नुसतं धुण्याचा छोटा प्रोग्राम दोनदा चालवा.

तपासा: पुढच्या दोन-तीन वेळांनंतर टॉर्चने ट्रे पुन्हा बघा. लिक्विड वापरलेलं नसतानाही ओल आली तर खरी गळती आहे: दाराचं खालचं रबर, पाइपचा जोड किंवा उंदराने कुरतडलेला ड्रेन पाइप. ट्रे पुन्हा पुन्हा कोरडा करून दिवस ढकलू नका, त्याच ट्रेजवळून विजेच्या तारा जातात.

पायरी ८: मशीनचं पोट

इथपर्यंत सगळं ठीक आणि पॅनल तरीही काळं. आता दोष आत आहे. मशीन वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि तक्रार नोंदवा. उघडलेलं मशीन म्हणजे वाद.

वॉरंटी संपली असेल आणि मल्टिमीटर सवयीचा असेल तरच पुढे जा. प्लग काढून दहा मिनिटं थांबा. बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज राहिलेली असू शकते, तिथे बोट लावू नका.

पॉवर कॉर्ड. प्लगची फेज पिन आणि मशीनच्या आत त्या तारेचं टोक यांत १ ओहमपेक्षा कमी आकडा हवा. न्यूट्रल आणि अर्थचंही तसंच. मोजताना कॉर्ड हलवत राहा, तुटकी तार सरळ ठेवल्यावर जुळते आणि वाकवल्यावर सुटते.

नॉइज फिल्टर. बऱ्याच मशीनमध्ये कॉर्ड आत शिरते तिथे विजेतला गोंगाट गाळणारी ही छोटी डबी असते. ती फुगली, तडकली किंवा काळी पडली असेल तर पूर्ण मृत मशीनचं कारण तेच. भाग स्वस्त, बदलायला सोपा, आणि तरी याच्यासाठी पूर्ण बोर्ड बदलल्याची बिलं निघतात.

दाराच्या बिजागरीजवळची तार. पॅनल दारात असतं आणि वीज खालून येते, म्हणजे तारांचा गठ्ठा बिजागरीजवळून वळतो आणि प्रत्येक उघडझापीला वाकतो. काही वर्षांनी त्यातली एखादी तार आतून तुटते. खूण: दार एका ठरावीक कोनात असताना पॅनल क्षणभर उजळतं. ही खूण दिसली तर बोर्ड बदलू देऊ नका.

पॉवरचं बटण आणि लॅचचा मायक्रोस्विच. दाराच्या आतल्या कडेवरचे स्क्रू काढले की पुढचं पॅनल सुटतं. शेवटचे दोन स्क्रू काढताना ते हाताने धरून ठेवा, नाहीतर खाली पडून तारा ओढल्या जातात. तारांचा फोटो आधी काढा. दाबल्यावर शून्याजवळ आणि सोडल्यावर ‘ओएल’ (मीटरवरची ‘जोड नाही’ अशी खूण), असा स्विच चांगला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर तो गेला.

बोर्ड. आता त्याची पाळी. टॉर्च मारून बघा: जळका डाग, फुगलेला कपॅसिटर, हिरवट थर, झुरळांची घाण, कधी चिकटून मेलेली पाल. बोर्ड उबदार आणि अंधारा, म्हणून ओट्याखालची झुरळं तिथे मुक्काम करतात. कोकणपट्टीत दमट हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, कनेक्टर घट्ट बसवूनही मशीन जागं होतं, हे आधी करून बघा. बोर्ड जळलेलाच असेल तर नवा घालण्यापूर्वी कारण शोधा. झुरळं तिथेच असतील किंवा सॉकेट अजून सैलच असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल. पाइप जिथून कॅबिनेटमध्ये शिरतो ते भोक स्टीलच्या जाळीने बुजवा. कापूस आणि थर्माकोल उंदीर कुरतडतो.

पायरी ९: एमसीबी किंवा ईएलसीबी पडतो

दोन्हींचा अर्थ वेगळा. एमसीबी पडला तर शॉर्ट किंवा जास्त लोड. ईएलसीबी, म्हणजे आताचा आरसीसीबी, पडला तर करंट अर्थकडे गळतोय. कधी पडतो ते घड्याळ लावून बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

- प्लग लावताक्षणी: कॉर्ड, फिल्टर, तळातलं पाणी किंवा कुरतडलेली तार.
- पाणी भरताना किंवा काढताना: व्हॉल्व्ह किंवा ड्रेन पंप.
- पाणी तापायला लागल्यावर, साधारण दहा-पंधरा मिनिटांनी: हीटर. १८०० ते २००० वॅटच्या हीटरचा रोध २६ ते ३० ओहम असतो. हीटरचं टोक आणि मशीनचा पत्रा यांत काहीही आकडा आला तर हीटर गेला. ‘ओएल’ आला तरी खातरी नाही, बारीक गळती मेगरवरच (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवरच) दिसते.
- ठरावीक वेळ नाही, कधीही: ३० मिलिअँपचा आरसीसीबी १५ च्या वर कुठेही पडू शकतो. जुना गिझर, फ्रिज आणि डिशवॉशर यांची थोडी थोडी गळती एकत्र होते आणि दोष शेवटी लावलेल्या मशीनवर येतो. बाकी सगळं बंद करून एकटं मशीन चालवून बघा. पावसाळ्यात हे जास्त होतं.

इशारा: ट्रिप थांबवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढणं, अर्थची तार सोडवणं किंवा १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवणं, असे ‘उपाय’ सांगणाऱ्या माणसाला काम देऊ नका. पहिल्या दोन प्रकारांत मशीनचा पत्रा शॉक देतो, तिसऱ्यात भिंतीतली वायर जळते.

परदेशात असाल तर

अमेरिकेत सिंकजवळच्या भिंतीवरचा एखादा बिनकामाचा वाटणारा स्विच डिशवॉशरचाच असू शकतो, आधी तो बघा, मग जीएफसीआयचं (गळती झाली की वीज तोडणाऱ्या सॉकेटचं) रिसेट बटण. मशीन थेट वायरने जोडलेलं असेल तर ब्रेकर पाडल्याशिवाय खालची पट्टी काढू नका. इंग्लंडमध्ये प्लगच्या आतच १३ अँपचा फ्यूज असतो, तो बदलून बघा. भाड्याच्या घरात मशीन घरमालकाचं असेल तर उघडण्याआधी त्याला कळवा.

तंत्रज्ञाला बोलावताना

‘चालू होत नाही’ एवढंच सांगितलं तर तो हात हलवत येतो आणि भाग आणायला परत जातो. फोनवर हे सांगा: स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक (बॉश असेल तर स्टिकरवरचे ई-एनआर आणि एफडी हे दोन्ही क्रमांक), वरच्या चारांपैकी कोणता प्रकार, पडद्यावरचा कोड, सॉकेटवर इस्त्री चालवून पाहिल्याचं, आणि मशीन शेवटचं नीट कधी चाललं. कोडचा फोटो काढून ठेवा, प्लग काढल्यावर तो पुसला जातो.

‘बोर्ड बदलावा लागेल’ असं तो म्हणाला तर फिल्टर आणि दाराची तार मोजली का, हे विचारा आणि जुना बोर्ड तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा. दुरुस्तीनंतर तो असतानाच मशीन रिकामं ठेवून गरम पाण्याचा प्रोग्राम लावा आणि हीटर सुरू होईपर्यंत, म्हणजे किमान वीस मिनिटं, त्याला थांबवून घ्या. मग प्लगला हात लावून बघा. तो गरम लागला तर सॉकेटचं काम अजून बाकी आहे.